शेंदरातला गेरू

आमच्या आत्यांनी चहा सोडला तेव्हा मला आधी बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, चिमाबाई. दिवसाला सहा कप पिणारी बाई, आणि साखर अशी की कपात चमचा उभा राहावा. मी घरी कडक भाकरी करून दुकानांना देते. सकाळी सहाला तवा तापतो. आत्या पीठ मळणार, मी थापणार, आणि तिसरी भाकरी तव्यावर पडायच्या आत त्यांचं सुरू, "विजे, टाक की घोटभर." माझं नाव विजयमाला, पण त्यांच्या तोंडात ते कधी पुरं मावलं नाही.

तर दोन वर्षांपूर्वी एका सकाळी म्हणाल्या, "मला नगं आजपासनं." चहा नको, गूळ नको, संक्रांतीला पोळी नको, सृष्टीच्या वाढदिवसाचा केक नको. सृष्टी म्हणजे आमची लेक, यंदा दहावीला गेली. मला वाटलं, आत्यांना साखरेचा आजार झाला. दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं, तर रिपोर्ट माझ्यापेक्षा चांगला. मग मात्र मी चिडले. तोंडाची फटकळ मी माहेरापासूनच आहे. म्हटलं, "आत्या, बिनसाखरेचा तरी घ्या." तर म्हणतात, "त्यो काढा. आजाऱ्यानं प्यावा." नवऱ्याला सांगितलं तर हे म्हणाले, "वय झालंय, काहीतरी नेम धरला असेल." हे म्हणजे सिद्धराम, शाळेत क्लार्क. प्रत्येक गोष्टीला ह्यांच्याकडं एक उत्तर तयार असतं, आणि ते दिलं की हे पेपरात डोकं घालतात.

नेम कसला ते यंदाच्या चैत्रात कळलं, आणि तेही ह्यांच्या पेपरामुळंच.

आमचं गाव येळवडी. मंगळवेढ्याच्या पुढं, कोरडवाहू मुलूख. पाऊस पडला तर ज्वारी, नाही पडला तर मेंढरं. गावाबाहेर महादेवाचं काळ्या दगडाचं देऊळ आहे, पार यादवांच्या काळातलं म्हणतात. त्याच्या दाराशी उजव्या हाताला आमचा बिरोबा. आत नक्की काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दिसायचा तो छातीएवढा उंच शेंदराचा गोळा आणि त्याला दोन चांदीचे डोळे. दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याला तेल-शेंदूर लावायचा मान आमच्या घरातल्या बायांचा. आत्यांची सासू केराबाई लावायची, तिच्या आधी तिची सासू. मग पन्नास वर्षं आत्यांनी लावला. गुडघे गेल्यावर आम्ही त्यांना सोलापूरला आणलं, तरी दसऱ्याला एसटीनं जाऊन लावून यायच्या. पुढं देवळाच्या दुरुस्तीचं काम निघालं, भोवती पत्रे लागले आणि ते बंद पडलं.

त्या दिवशी ह्यांनी पेपर उघडला आणि मोठ्यानं वाचायला लागले. देवळाचं काम पूर्ण झालंय, लोकांना बघायला खुलं केलंय. दारातल्या शेंदराच्या कवचाखाली आठशे वर्षांपूर्वीची वीरगळ निघाली. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या नावानं कोरलेला दगड. सृष्टी उड्याच मारायला लागली. ह्यांनी लगेच जाहीर केलं, "रविवारी सगळे जाऊ. आई, तुझा देव बघ तरी कसा दिसतोय."

आत्या भाकरीचं पीठ चाळत होत्या. चाळण थांबली. "म्या येत न्हाय," म्हणाल्या आणि उठून बाल्कनीत गेल्या.

दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. चटणीच्या शेंगा फोडत बसलो होतो. मी म्हटलं, आत्या, आता बास झालं. चहा नाही, गोड नाही, देवाला यायचं नाही. माझं काय चुकलं असेल तर तोंडावर सांगा, मी काय ऐकून घेत नाही असं नाही. खरं तर मी ऐकून घेत नाही, पण त्या वेळी तसं म्हणाले.

आत्यांनी दहा-बारा शेंगा फोडल्या. मग खाली बघतच बोलायला लागल्या.

"देवाचं कवच निघालं ना विजे, की ते मानाच्या घरानं व्हात्या पाण्यात सोडायचं असतंय. सोडंस्तवर त्या घरच्या मानाच्या बाईनं ग्वाड खायाचं न्हाय. आमच्या आज्जेसासूपासनं चालत आलंय. दोन वर्सं झाली, आपला जोतीराम सांगत आला की कवच काढलं म्हणून. कुटं टाकलं, कुणी टाकलं, मला कोण सांगणार?"

जोतीराम म्हणजे गावाकडचा पुतण्या, वर्षातले आठ महिने मेंढरं घेऊन गावाबाहेर असणारा. मी कपाळाला हात लावला. "अहो मग सांगायचं की! एका फोनचं काम. ह्यांनी विचारलं असतं."

"विचारलं असतं. पर मला ते कवच कुणी बघाय नगं व्हतं." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते पन्नास वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. मामंजी, म्हणजे गुंडातात्या, सहा वर्षांपूर्वी गेले, त्यांनासुद्धा नाही.

बहात्तरचा दुष्काळ. लग्नाला दोन वर्षं झालेली, पदरात आठ महिन्यांची पोरगी. पुरुष माणसं मेंढरं घेऊन चाऱ्यापाण्याच्या शोधात नदीकाठाला गेलेली. केराबाई तापानं पडलेली. आत्या दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायच्या, पोरगी तिथंच झोळीत. दसरा उद्यावर आला आणि घरात शेंदूर नाही. केराबाईचा दंडक असा की शेंदूर मंगळवेढ्याच्या बाजारातलाच पाहिजे आणि तेल करडईचंच. पण बाजारच नीट भरत नव्हता. घरात काय होतं, तर भिंत सारवताना उरलेला मूठभर गेरू आणि दिव्यातलं तेल. आत्यांनी ते कालवलं आणि दिवस मावळताना, कुणी बघत नाही असं बघून, देवाला लावून आल्या.

"सासूनं इचारलं, लावला का? म्या म्हनलं, लावला. दुसऱ्या दिशी तापातच उठून ती देवाकडं गेली. बोट लावून बघितलं. माझ्याकडं बघितलं. आन काय म्हंजे काय बोलली न्हाय. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आठ दिसांनी पोरगी गेली. हगवण लागली, एका रातीत गेली. तवाबी सासू काय बोलली न्हाय. मला कळलं की, का बोलत न्हाय ते."

मी म्हटलं, "आत्या, त्या दुष्काळात हगवणीनं किती पोरं गेली असतील. पाणी कसलं प्यायला होतं तुम्हाला?"

"ते मला कळतंय. समद्यास्नी तेच पाणी व्हतं. पर देवाला माती लावणारी म्या एकलीच व्हते."

पुढच्या वर्षापासून त्यांनी दुप्पट शेंदूर लावला. गेरूचा थर आत आत जाऊ दे म्हणून. पन्नास वर्षं त्या बाईनं देवाला शेंदूर लावला तो अर्धा भक्तीनं आणि अर्धा झाकायला. आता सगळंच खरवडून काढलेलं. कुठंतरी ते कवच फुटून पडलं असणार आणि त्यात ती गेरूची रेघ उघडी पडली असणार, एवढंच दोन वर्षं त्यांच्या डोक्यात.

मी विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

"न्हाय घ्यायचं नाव," आत्या म्हणाल्या आणि टरफलं गोळा करायला लागल्या. आमच्या घरात एक मुलगी होऊन गेली हे मला लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर कळत होतं. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला रागच येतो. म्हटलं, "ते काही नाही. रविवारी चलायचं. कवच कुठं आहे ते मी विचारते, बघू कोण काय म्हणतंय. कुणी काय बोललं तर माझ्याशी गाठ आहे."

"तुझ्या तोंडालाच म्या भ्याते," त्या म्हणाल्या. पण रविवारी सहाला नवं लुगडं नेसून तयार होत्या.

ह्यांच्या मित्राची गाडी घेतली होती. भाकरी, शेंगाची चटणी, दही असं बांधून घेतलं. बेगमपूरला भीमेचा पूल लागतो, तिथं आत्या काचेतून पाण्याकडं बघत राहिल्या. मंगळवेढा सोडलं की ह्यांना कंठ फुटतो. ह्या विहिरीत मी पोहायला शिकलो, त्या बांधावर मला विंचू चावला. सृष्टीनं सगळं दहादा ऐकलेलं, तिनं कानात वायरी घातल्या. आपली आई गप्प आहे हे ह्यांच्या लक्षात येईल म्हणून मी वाट बघत होते. आलं नाही.

देऊळ मात्र मी ओळखलंच नाही. लग्नानंतर पाया पडायला आले होते तेव्हा ऑइलपेंटचे पट्टे होते, आत वटवाघळं, खांबांना शेवाळ. आता दगड न् दगड धुऊन निघालेला. खांबावरची नक्षी, दारावरच्या बायका, त्यांच्या गळ्यातले मणीसुद्धा मोजता यावेत. पडलेला कोपरा पुन्हा उभा केलेला. खरंच सुंदर काम केलं होतं, नावं ठेवायला मी जागा शोधली आणि सापडली नाही. मग पाटी दिसली. 'मूर्तींना तेल, हळद, शेंदूर लावू नये. अशा लेपांमुळे शिल्पांची हानी झाली आहे.' ते वाचून माझं डोकं फिरलंच. ह्यांना म्हटलं, "हानी! ह्या बायांनी आठशे वर्षं दगडाला उघडं पडू दिलं नाही म्हणून तुम्हाला नाक-डोळे शाबूत मिळाले." हे म्हणाले, "अगं, पाटीशी काय भांडतेस?"

बिरोबाच्या जागी आता रिकामा चौथरा होता. दगड बाजूच्या ओट्यावर, बाकीच्या चार दगडांबरोबर रांगेत उभा केलेला. त्यावर खाली गाई, मधे घोड्यावरचा माणूस, वर तोच माणूस हात जोडून पिंडीपुढं बसलेला. सृष्टी पाटीवरचं वाचून आज्जीला सांगायला लागली, "आज्जी, गावाच्या गाई चोरांनी पळवल्या होत्या, त्या सोडवताना हा मेला. म्हणून त्याचा दगड."

आत्या त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यो कोण बाबा? पन्नास वर्सं त्येला आंगूळ घातली म्या, त्वांड आज बघतीया." हात जोडले, पण पाहुण्याला जोडावेत तसे.

तेवढ्यात तिथला वॉचमन आला. खाकी शर्ट, गळ्यात ओळखपत्र. आत्यांना बघून थबकलाच. "चिमाकाकू? वळखलं का? म्या शिवशरण, ज्ञानबाचा."

"आरं तू व्हय? केवढा झालास!" तो पन्नाशीचा होता.

"काकू, किती वाट बघायची? दोन वर्सं गुंडातात्यांचा फोन लावतूय, लागतच न्हाय."

ह्यांनी सांगितलं की तात्या जाऊन सहा वर्षं झाली. शिवशरणनं जीभ चावली. मग म्हणाला, "मला ठाव न्हवतं. म्या लई वर्सं भायेरगावी व्हतो, ह्या कामावर परत आलो. त्ये देवाचं कवच ठेवलंय म्या. सायब म्हनले, गावानं ठरवावं काय करायचं ते. गाव म्हनलं, मान चिमाकाकूचा. मग दुसऱ्या कुणी कसं हात लावायचा? लिंबाखाली ठेवलंय, ताडपत्री टाकून."

आत्यांनी माझा दंड धरला. एवढ्या जोरात धरला की बांगडी रुतली. मी हळूच म्हटलं, "मी आहे."

कुंपणाबाहेर मोठा लिंब आहे. त्याच्या बुंध्याशी गावानं एक नवा गोल दगड मांडलाय, हळद लावलेली, आणि ते जुने चांदीचे डोळे आता त्याला. पलीकडं ताडपत्रीखाली खताची दोन पोती. शिवशरणनं पोत्यांना नमस्कार केला, मगच गाठ सोडली. आतून शेंदराची मोठमोठी ढेपळं निघाली, आतली बाजू गुळगुळीत. त्यातलं सगळ्यात मोठं त्यानं दोन्ही हातांनी काढून आत्यांच्या पुढं ठेवलं. चार बोटं जाड होतं. मोडलेल्या कडेला थरावर थर, पापुद्रे, फिके-गडद नारिंगी.

सृष्टी लगेच गुडघ्यावर बसली. "पप्पा, हे झाडाच्या वर्तुळांसारखं आहे! दर वर्षाचा एक थर. थांबा, मोजते." आणि मोबाईलचा टॉर्च लावून, केसातली पिन काढून कडेला धरून ती मोजायला लागली. मला तिचा हात धरावासा वाटला, पण काय सांगून धरणार? आत्या लिंबाच्या पारावर बसल्या होत्या. पदराचं टोक तोंडाशी धरलेलं.

"...सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस. हे काय? इथं तपकिरी आहे. आज्जी, इथं एक तपकिरी रेघ आहे बघ."

आत्यांनी डोळे मिटले. शिवशरण वाकून बघायला लागला आणि मी त्याच्याकडं असं बघितलं की तो पुन्हा सरळ झाला.

सृष्टी मोजतच होती. "आणि ही अजून एक. जवळच आहे, खाली. ही पण. आज्जी, खूप आहेत."

"खूप न्हाय," आत्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "एकच हाय ती."

"एक नाही गं, सहा आहेत! हे बघ. एक, मग बोटभर खाली दोन लागोपाठ, मग खाली ही, ही, आणि ही अगदी दगडाजवळची."

आत्या उठल्या. गुडघ्यांचं दुखणं विसरून खाली बसल्या, सृष्टीच्या हातातली पिन घेतली आणि स्वतः एकेका रेघेवर टेकवली. पहिली त्यांची. तिला हात लावून त्या पुढं गेल्या. दुसरीला लावला. नखानं जरा खरवडलं, बोटांत चोळलं, वास घेतला. मग तिसरीला.

"गेरूच हाय," त्या म्हणाल्या. "विजे, गेरूच हाय हा. ही माझी न्हवं. हिच्या वक्ताला म्या कुटं व्हते? म्या परकर नेसून माझ्या बापाच्या मेंढरामागं असंन. ही सासूची हाय."

ह्यांना काही कळेना. "काय झालं? कसला गेरू?"

"तुम्ही गप्प बसा जरा," मी म्हटलं.

आत्या त्या दोन लागोपाठच्या रेघांवर बोट ठेवून बसल्या. "दोन वर्सं लागोपाठ. तिचाबी दुष्काळच असंल. तिनंबी भितीचाच गेरू लावला." मग एकदम मान वर करून माझ्याकडं बघितलं. "आन तिची तर सात पोरं जगली की गं. सातच्या सात. माझा नवरा धरून. त्येंच्यातलं येकबी न्हाय गेलं."

मी त्यांच्या शेजारी मातीतच बसले.

"म्हंजे तिला कळलं व्हतं. बोट लावल्या लावल्या कळलं. म्हणून बोलली न्हाय. रागानं न्हवं..." आणि मग त्यांना जो राग आला! केराबाई जाऊन तीस वर्षं झाली असतील, पण समोर बसल्यासारखं बोलल्या, "मग सांगायचं की मला! आगं एक शबुद बोलायचं, म्याबी लावला व्हता म्हणून. पोरगी गेली तवा तरी बोलायचं. जन्मभर म्या..." लिंबाखाली बसून त्या मोकळ्या रडल्या. सृष्टी घाबरून बघत होती. शिवशरण शहाणा माणूस, तो पाणी आणायला म्हणून निघून गेला.

पाणी पिऊन झाल्यावर आत्या स्वतःच उठल्या, नव्या दगडाच्या पाया पडल्या. मग ह्यांना म्हणाल्या, "पोती गाडीत टाक सिदू. उन्हं कलायच्या आत नदीवर पोचलं पायजे." सृष्टीनं विचारलं, एक तुकडा शाळेत न्यायला ठेवू का? आत्यांनी कधी नव्हे ती तिला झिडकारली, "देवाचा हाय त्यो, परयोग न्हाय."

बेगमपूरला पुलाच्या खाली उतरलो. पाणी होतं बऱ्यापैकी. ह्यांनी आणि मी पोती काठाला नेली, आत्यांनी एकेक ढेपळ आपल्या हातानं सोडलं. ते मोठं ढेपळ शेवटी. ते सोडायच्या आधी त्यांनी ओल्या बोटांनी कड पुसली, सहाही रेघा एकदा स्पष्ट दिसल्या. "जा बायांनो," म्हणाल्या. वाटेत मी ह्यांना सगळं सांगितलं होतं. हे आईचा हात धरून तिला चढ चढवत होते.

वर रस्त्याच्या कडेला चहाची टपरी. मी काही म्हणायच्या आत आत्या बाकड्यावर जाऊन बसल्या होत्या. टपरीवाल्यानं विचारलं, "आज्जी, साखर कमी घालू का?"

"कमी कशाला? घाल की चांगली. दोन वर्साचं ऱ्हायलंय."

बशीत ओतून, फुंकर मारून त्यांनी पहिला घोट घेतला. दुसरा घेतला. ट्रक जात होते, सृष्टी नदीचे फोटो काढत होती. आत्यांनी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "सगुणा. सगुणा नाव व्हतं तिचं. तुला सांगून ठिवती. न्हायतर म्याबी न सांगता जायाची, सासूगत."

मी टपरीवाल्याला आणखी एक चहा द्यायला सांगितलं.